परीक्षेच्या आदल्या रात्री उंदराने काय खाल्ले?

‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ हे चार शब्द रक्ततपासणीला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असतात. कडा (ता. आष्टी, जि. बीड) येथून अहिल्यानगरला तपासणीसाठी जाणारा माणूस रात्री आठ-नऊला भाकरी खातो, झोपतो आणि सकाळी चहासुद्धा न घेता निघतो. दहा-बारा तासांचा हा उपास त्याला फारसा जाणवत नाही, कारण त्यातला बराच वेळ झोपेत गेलेला असतो. तरीही घोटाळे होतात. आपल्याकडे ‘उपास’ या शब्दाचा अर्थ वाराप्रमाणे बदलतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन आलेला माणूस ‘मला उपास आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि त्याच्या रक्तातली साखर मात्र वेगळीच कहाणी सांगते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण तपासनिसाने टेबलावर लिहून ठेवावी अशी आहे.

माणसाला निदान विचारता तरी येते. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराला विचारता येत नाही. आणि औषधांविषयी, अन्नाविषयी, विषांविषयी आपण जे छापील वाचतो, त्यातला मोठा भाग या उंदरांच्या रक्तातून, यकृतातून आणि वजनातून आलेला असतो. कारले, मेथी, जांभळाच्या बिया, गुळवेल यांनी उंदरांची साखर उतरली, अशा बातम्या आपल्या शाळेतल्या फळ्यावरच्या ‘विज्ञानवार्ता’ सदरात हमखास येतात. त्या वाचून एखाद्या घरी डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद होते आणि जांभळाची पूड सुरू होते. म्हणून अशी बातमी हाती आली की आम्ही एक साधा प्रश्न आधी विचारतो: तपासणीपूर्वी त्या उंदरांनी काय, किती आणि केव्हा खाल्ले होते?

उंदराची रात्र म्हणजे आपला दिवस

पांढरा उंदीर हा मूळच्या तपकिरी उंदराचा पाळीव वंशज. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीस ज्यांची पद्धतशीर पैदास सुरू झाली, ते ‘विस्टार’ उंदीर आज आपल्या महाविद्यालयांतही वापरले जातात. पिंजऱ्यात शंभराहून अधिक वर्षे काढूनही त्याची एक सवय गेलेली नाही. तो निशाचर आहे. दिवसाच्या आहारापैकी साधारण ७० ते ८० टक्के भाग तो अंधार पडल्यावर खातो.

आता आपली नेहमीची पद्धत त्याला लावून पाहा. प्रयोगशाळेतला कर्मचारी संध्याकाळी पाच वाजता घरी जाताना खाद्याची जाळी काढून ठेवतो आणि सकाळी नऊला रक्त घेतले जाते. अहवालात लिहिले जाते, ‘रात्रभर उपाशी ठेवले’. ऐकायला हे माणसाच्या तपासणीसारखेच वाटते. प्रत्यक्षात उंदराचा जेवणाचा सगळा काळ कोरडा गेलेला असतो. त्यातही जाळी काढण्याआधीचा सगळा दिवस त्याने मुख्यतः झोपेतच घालवलेला असतो. म्हणजे नावाला सोळा तास, पण भरपेट खाण्यापासून मोजले तर अंतर आणखी मोठे.

शिवाय लहान प्राण्याचे इंधन भराभर जळते. शरीराचा आकार आणि ऊर्जेचा खर्च यांचा संबंध मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली मांडला. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना तो एका ओळीत करून दाखवता येतो. सत्तर किलोचा माणूस पाव किलोच्या उंदरापेक्षा २८० पट जड. २८० चे वर्गमूळ सुमारे १६.७ आणि त्याचे पुन्हा वर्गमूळ काढले की सुमारे ४.१. म्हणजे शरीराच्या दर ग्रॅममागे उंदराचा ऊर्जेचा खर्च माणसाच्या चौपट. या ढोबळ हिशेबाने उंदराचे सोळा तास माणसाच्या चौसष्ट तासांच्या, म्हणजे अडीच दिवसांहून अधिक काळाच्या उपासासारखे पडतात. हा हिशेब तंतोतंत धरू नये; पण ‘रात्रभर’ या शब्दाआड काय दडले आहे ते त्यावरून कळते.

शरीरात प्रत्यक्ष काय घडते? यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, माणसात रात्रीच्या उपासानंतरही बऱ्यापैकी शिल्लक असते. उंदरात ती सकाळपर्यंत जवळजवळ संपते. मग यकृत प्रथिने मोडून साखर बनवू लागते, चरबी वितळू लागते, रक्तातले इन्शुलिन खाली येते. उपाशी उंदीर पाणीही कमी पितो. या सगळ्यामुळे एका रात्रीत वजन दहा टक्क्यांच्या आसपासही घटू शकते. साठ किलोच्या माणसाचे वजन सकाळी उठल्यावर चोपन्न भरावे, तसे हे. अशा प्राण्याची साखर मोजताना आपण ‘विश्रांतीतला निरोगी उंदीर’ मोजत नसतो. मोजतो तो उपासमारीच्या वाटेवर लागलेला उंदीर.

एक गंमत अशी की काही वेळा तो पुरता उपाशीही नसतो. उंदराला स्वतःच्या लेंड्या खाण्याची सवय असते. पिंजऱ्यात भुसा असेल तर तोही कुरतडतो. जीवनसत्त्वांच्या जुन्या अभ्यासात यामुळे मोठा गोंधळ झाला. आतड्यातले जीवाणू ब गटातली जीवनसत्त्वे बनवतात, लेंड्यांवाटे ती पुन्हा पोटात जातात आणि आहारातून जीवनसत्त्व काढून टाकले तरी उंदीर ठणठणीत राहतो! म्हणून अशा प्रयोगांत पिंजऱ्याला जाळीचा तळ घालू लागले.

कोणता उंदीर नापास होतो?

उपासाचा परिणाम फक्त साखरेच्या आकड्यावर होत असता तर सगळे गट सारखेच उपाशी ठेवून प्रश्न मिटला असता. खरी अडचण पुढे आहे. उपासाने औषधाचा आणि विषाचा परिणामच बदलतो.

पॅरासिटामॉल घ्या. घरोघरी असलेली ही तापाची गोळी अतिप्रमाणात दिली तर यकृताला इजा करते. म्हणून ‘अमुक वनस्पती यकृताचे रक्षण करते का’ हे पाहण्यासाठी उंदरांना ती मुद्दाम मोठ्या मात्रेत देतात. पॅरासिटामॉलपासून यकृतात एक घातक पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन नावाचे रेणू त्याला निकामी करतात. उपासाने यकृतातले ग्लुटाथायोन घटते. तेव्हा तीच मात्रा भरल्या पोटाच्या उंदराला सोसते आणि उपाशी उंदराचे यकृत जाळते. आता समजा, एका गटाला वनस्पतीचा अर्क गुळाच्या पाण्यातून दिला आणि दुसऱ्याला नुसते पाणी दिले. पहिल्या गटाचे यकृत वाचले तर श्रेय वनस्पतीचे की गुळाचे? तुलनेच्या गटालाही तितकेच गुळाचे पाणी मिळाले असेल तरच या प्रश्नाला उत्तर आहे.

मधुमेहाच्या प्रयोगांतही असेच. उंदरात मधुमेह घडवण्यासाठी स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करणारी रसायने टोचतात. त्यातल्या ॲलोक्झानचा हा गुण १९४३ साली लक्षात आला. ॲलोक्झानचा रेणू ग्लुकोजसारखा दिसतो आणि ग्लुकोजच्याच दाराने पेशीत शिरतो. रक्तात ग्लुकोज भरपूर असेल तर दारात गर्दी होते आणि पेशी काही अंशी बचावतात. उपाशी उंदीर ॲलोक्झानला अधिक बळी पडतो, तो यामुळे. दोन पिंजऱ्यांपैकी एकाची खाद्याची जाळी काढायला तासभर उशीर झाला, तर दोन गटांतला मधुमेह मुळातच कमी-जास्त तीव्रतेचा असू शकतो; मग पुढे महिनाभर औषध देऊन जो फरक मिळेल तो कशाचा?

याचा अर्थ उंदराला उपाशी ठेवणे चूक असा कोणी काढू नये. पोटात अन्न असेल तर तोंडावाटे दिलेले औषध कधी लवकर, कधी उशिरा शोषले जाते. म्हणून आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या विषारीपणाच्या चाचणीत उंदराला रात्रभर अन्न न देण्याची सूचना आहे. त्याच सूचनेत छोट्या उंदराला, म्हणजे ज्याला आपण चिटुकला घरउंदीर म्हणू त्याला, तीन ते चारच तास उपाशी ठेवा असे म्हटले आहे, कारण त्याची ऊर्जा आणखी वेगाने संपते. उपासानंतर वजन करून मगच मात्रा ठरवावी, हेही त्यात सांगितले आहे. हा बारकावा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. मात्रा ‘दर किलो वजनामागे’ मोजतात. आदल्या दिवशीचे २५० ग्रॅम वजन धरून मात्रा काढली आणि सकाळी उंदीर २३० ग्रॅमचा झाला असेल, तर त्याला ठरल्यापेक्षा सुमारे नऊ टक्के जास्त औषध गेले.

कडू औषधाची करामत

आता उपास सोडून रोजच्या खाण्याकडे येऊ. समजा, कारल्याची पूड खाद्यात मिसळून एका गटाला महिनाभर दिली आणि दुसऱ्या गटाला साधे खाद्य दिले. महिन्याअखेर पहिल्या गटाचे वजन कमी, साखर कमी, रक्तातली चरबीही कमी. लगेच निष्कर्ष निघतो की कारले गुणकारी. पण उंदरालाही कडू आवडत नाही. पहिल्या गटाने रोज वीस ग्रॅमऐवजी पंधराच ग्रॅम खाल्ले असेल, तर साखर कारल्याने उतरली की अर्धपोटी राहिल्याने?

या पेचावर आहारशास्त्रज्ञांनी शोधलेला उपाय आम्हाला फार आवडतो. एक तिसरा गट घ्यायचा. कारलेवाल्या उंदराने काल जितके खाल्ले, नेमके तितकेच साधे खाद्य आज या तिसऱ्या गटातल्या त्याच्या जोडीदाराला द्यायचे. दोघांचे पोट सारखे भरले, फरक फक्त कारल्याचा. यानंतरही कारलेवाल्याची साखर कमी राहिली तर काहीतरी सांगण्यासारखे सापडले. हा तिसरा गट नसलेले निबंध कमी नाहीत. ते काम खोटे असते असे नाही. पण त्यातून जेवढे सांगितले जाते तेवढे सिद्ध होत नाही.

खाद्याची गोळी

‘साधे खाद्य’ असे आपण सहज म्हटले, पण ते तरी किती साधे असते? बाजारात मिळणाऱ्या उंदरांच्या खाद्याच्या गोळ्यांत गहू, मका, सोयाबीन, मासळीची पूड असे पदार्थ असतात. पीक बदलले, भाव बदलले की मिश्रण थोडे बदलते. सोयाबीनमध्ये स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे पदार्थ असतात. संप्रेरकांवरचा प्रयोग करणाऱ्याला, आपल्या उंदरांच्या गर्भाशयाचे वजन औषधाने वाढले की खाद्यातल्या सोयाबीनने, हे सांगणे मग अवघड होते. गोळी साठवणीत दमट झाली, बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिनसारखे विष निर्माण होते. शेंगदाण्याचे पोते पावसाळ्यात ओल्या जमिनीवर ठेवल्यावर काय होते ते आपल्या भागात सांगायला नको.

यातून सुटका म्हणून अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात शुद्ध घटकांचा, ठरलेल्या मापाचा आहार आखला. त्याचे नाव एआयएन-७६. सगळ्या जगात एकच खाद्य, म्हणजे निकाल ताडून पाहता येतील, ही कल्पना उत्तम होती. पण त्या आहारात निम्मी साखर होती आणि क्षारांचे प्रमाण उंदरांना मानवले नाही. माद्यांच्या मूत्रपिंडात चुना साचू लागला, यकृतात चरबी दिसू लागली. निरोगी म्हणून ज्यांच्याशी तुलना करायची तेच उंदीर आजारी! अखेर १९९३ साली आहार नव्याने आखावा लागला. साखर बरीच कमी करून तिच्या जागी मक्याचे पिष्ट आणले, क्षारांचे माप बदलले. तोवर जुन्या आहारावर झालेले असंख्य प्रयोग छापून झाले होते.

‘हवे तितके खाऊ द्यावे’ हा तरी निरुपद्रवी नियम आहे का? तोही नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली दाखवले की पोषक घटक पुरेसे देऊन नुसती ऊर्जा कमी केली तर उंदीर अधिक जगतात. याची दुसरी बाजू अशी की चोवीस तास भरल्या ताटापुढे, छोट्या पिंजऱ्यात बसलेला उंदीर लठ्ठ होतो, त्याला गाठी अधिक होतात, तो लवकर मरतो. कर्करोगाच्या दोन-दोन वर्षांच्या चाचण्यांत हा फार मोठा प्रश्न ठरला.

कुन्नूरचा ‘मराठी’ उंदीर

आहार बदलून उंदीर पाहण्याचा भारतातला सर्वांत गाजलेला प्रयोग निलगिरीत कुन्नूर येथे झाला. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी १९१८ साली तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत बेरीबेरीच्या अभ्यासाला सुरुवात केली. त्याच संस्थेचे पुढे हैदराबादला स्थलांतर झाले आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. विसाच्या दशकात मॅक्‌कॅरिसन यांनी उंदरांचे गट पाडून प्रत्येकाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचा आहार दिला: शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी. वय, पिंजरे, स्वच्छता, हवा सर्व सारखे, फरक ताटाचा. वाढीत शीख ताट पहिले आले, पठाणी दुसरे, आपले मराठा ताट तिसरे आणि मद्रासचे भाताचे ताट शेवटचे. पहिल्या ताटात गव्हाच्या चपात्या, दूध, लोणी, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या आणि अधूनमधून मांस होते.

तिसरा क्रमांक मिळाल्याचा आनंद मानण्याआधी थोडे थांबावे. हा निकाल ताटांचा आहे, माणसांच्या जातीकुळीचा नाही. उंदीर सगळे एकाच कळपातले होते. शिवाय उंदराची गरज आणि माणसाची गरज एक नाही. उंदीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, म्हणून भाजीफळांशिवायही त्याला स्कर्व्ही होत नाही. ते काम नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना १९०७ साली गिनिपिगवर करावे लागले. मॅक्‌कॅरिसन यांच्या कामात आम्हाला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. प्रयोगासाठी राखलेला मूळ कळप ते उत्तम आहारावर वाढवत. त्यामुळे एखाद्या गटात आजार दिसला तर तो आधीपासूनच होता अशी शंका राहत नसे.

आपल्या भाकरीशी निगडित एक वादही इथे सांगायला हवा. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मनाचा आजार का दिसतो, याचे उत्तर म्हणून हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या जास्तीच्या ल्यूसिनकडे बोट दाखवले. ल्यूसिन नियासिन या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, असा त्यांचा तर्क. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. काही ठिकाणी परिणाम दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. यातला कळीचा मुद्दा पुन्हा उंदराच्या ताटातच होता. शरीर ट्रिप्टोफॅन या घटकापासून नियासिन स्वतः बनवू शकते. मूळ आहारात नियासिन किंवा ट्रिप्टोफॅन पुरेसे असेल तर ल्यूसिन वाढवूनही उंदराचे काही बिघडत नाही. दोन्ही तुटपुंजे असतील तरच काही दिसण्याची शक्यता. (भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी असणाऱ्यांनी यावरून भाकरी सोडण्याचे कारण नाही.)

भुकेची परीक्षा की बुद्धीची?

शिक्षकांना जवळचा वाटेल असा प्रकार म्हणजे चक्रव्यूहातली परीक्षा. उंदराने वाट शिकावी म्हणून शेवटी खाऊ ठेवतात. पोट भरलेला उंदीर खाऊसाठी धावत नाही. त्यामुळे त्याचे वजन आधी मूळच्या ८०-८५ टक्क्यांवर आणून ठेवण्याची रीत आहे. मग चुका कमी केल्या तो उंदीर हुशार, की अधिक भुकेला? टोलमन आणि हॉन्झिक यांनी १९३० साली कॅलिफोर्नियात याचा छडा लावला. भुकेल्या उंदरांचे तीन गट. एकाला रोज शेवटी खाऊ, दुसऱ्याला कधीच नाही, तिसऱ्याला अकराव्या दिवसापासून. दहा दिवस तिसरा गट ‘ढ’ दिसत होता. खाऊ सुरू होताच एक-दोन दिवसांतच त्याने पहिल्या गटाला गाठले. वाट त्याला आधीच ठाऊक होती, दाखवायला कारण नव्हते.

वर्गात करून पाहण्यासारखे

उंदरांवर शाळेत प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, १९९८ साली त्याचे नियम झाले आणि नोंदणीकृत संस्थांनाच परवानगी मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०१४ साली महाविद्यालयीन प्राणिशास्त्रातले विच्छेदनही बंद करायला सांगितले. तत्त्व समजायला मटकी पुरेशी आहे.

एकाच पिशवीतली मटकी घ्यावी. चार वाट्यांत प्रत्येकी वीस दाणे. दोन वाट्यांतले दाणे आठ तास भिजवावेत, दोन कोरडे ठेवावेत. मग सगळे दाणे ओल्या फडक्यात ठेवून, एका भिजवलेल्या आणि एका कोरड्या वाटीला फिक्या चहाचे पाणी, उरलेल्या दोघींना साधे पाणी द्यावे. नंतर मोडांची लांबी मोजावी. निम्म्या वर्गाला फक्त ‘भिजवलेली + चहा’ आणि ‘कोरडी + पाणी’ या दोनच वाट्यांचे आकडे द्या. ती मुले चहाचे गुणगान करणारा निष्कर्ष लिहितील. उरलेल्या वर्गाला चारही वाट्या द्या आणि दोन्ही निष्कर्ष फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. दाणे भिजवण्यापूर्वी आणि नंतर तोलून ठेवले, तर ‘दर ग्रॅममागे किती चहा’ हे गणित दोन वाट्यांत का जुळत नाही तेही मुले विचारतील. शनिवारी शाळा सुटताना मटकी भिजत घातली तर सोमवारी पहिल्या तासाला मोड मोजता येतात. मात्र शनिवारी रात्री भिजवलेली मटकी उपसून चारही वाट्या फडक्यात घालायला आणि रविवारी ती फडकी ओली ठेवायला शाळेजवळ राहणारा एक भरवशाचा विद्यार्थी हवा, आणि चारही फडक्यांना त्याने सारखेच मापून पाणी घातले पाहिजे.